मात्रा एकच, कागद मोठा

चिंचवडच्या दवाखान्यात कंपाउंडर असताना मी चौदा महिने रोग्यांचं खोकल्याचं आणि हगवणीचं औषध स्वतः प्यायलो आणि त्यांच्या बाटल्यांत पाणी भरलं. वर, ते पाणी दुसऱ्याने भरलं असं डॉक्टरांना सांगितलं. याहून मोठा गाढवपणा माझ्या हातून अजून झालेला नाही. झाला तर तोही लिहीन.

लिहायला डॉक्टरांनी सांगितलं. म्हणाले, "गजानन, दुसऱ्यांच्या फजितीच्या गोष्टी सांगून तू रांगेतल्या माणसांना हसवतोस. एकदा स्वतःची सांग. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल." माझी बायको इंदू म्हणाली, "लिहा. पण त्यात फार हुशार दिसायला जाऊ नका." तिची काळजी फुकट होती. या गोष्टीत हुशार दिसायला मला जागाच नाही.

खिडकी

त्या वेळी पिंपरीला कारखान्यांच्या भिंती नुकत्या वर येत होत्या. कॅम्पात निर्वासितांची बिऱ्हाडं स्थिरावत होती. आमचा दवाखाना मुंबई-पुणे रस्त्याला लागून, दोन खोल्यांचा. आतल्या खोलीत डॉक्टर तपासायचे, बाहेरच्या खोलीच्या खिडकीत मी औषध द्यायचो. रोगी घरून बाटली धुऊन आणायचा. मोठ्या बरणीतलं तयार मिश्रण मी त्यात ओतायचो आणि बाटलीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवायचो. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एका खाचेपासून दुसरीपर्यंत औषध उतरलं की एक मात्रा झाली. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं.

सात वर्षं त्या खिडकीत मी एकटा होतो. बायका मला 'छोटे डॉक्टर' म्हणत आणि मी त्यांना तसं म्हणू देत असे. कोण कसल्या नादी लागला आहे हे मी रांगेतच ओळखायचो. दारूबंदी होती, म्हणून हातभट्टी घेतलेला माणूस तोंडात वेलदोडा धरून यायचा आणि कधी नव्हे ते मला 'साहेब' म्हणायचा. गांजावाल्याचे डोळे लाल, ओठ कोरडे, आणि पोट बिघडलं म्हणून आलेला असला तरी भूक राक्षसासारखी. झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेला सकाळी अकरालाही जड जिभेने बोलायचा आणि गोळ्या 'हरवल्या' म्हणून मुदतीआधी परत यायचा. शेतावर जाणारी बाई तान्ह्या पोराला अफूचं बोट चाटवून निजवून आली, तर त्या पोराचं निपचित पडणं बघूनच मला कळायचं. मी तिला झापायचो. रांग ऐकायची. मला बरं वाटायचं.

असा मी सगळ्यांना ओळखणारा माणूस होतो, एवढं लक्षात ठेवा.

इस्माईल

कारखान्यांमुळे गर्दी वाढली आणि डॉक्टरांनी चाकणचा इस्माईल अत्तार दुसरा कंपाउंडर म्हणून आणला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. बापाचं चाकणच्या पेठेत सुंठ, ओवा, हिरड्याचं दुकान. पुड्या बांधण्यात त्याचं लहानपण गेलेलं. मी पेन्सिलीने खुणा करून एकेक खाच कापायचो. इस्माईल पट्टीच्या चार घड्या घालायचा, कात्री दोनदा चालवायचा, पट्टी उलगडायचा. सगळ्या खाचा तंतोतंत सारख्या. हे तो बोलता बोलता, बाटलीकडे न बघता करायचा.

एका दुपारी मी त्याची एक पट्टी खिशात घालून घरी नेली आणि माझ्या पट्टीवर ठेवून पाहिली. पाहायला नको होती.

आठवड्याभरात रांग खिडकीच्या त्याच्या अंगाला वाकायला लागली. एका म्हातारीला मी म्हटलं, "आजी, इकडे या, इथे मोकळं आहे." ती म्हणाली, "नगं. तुमी कागद वाकडा लावता." त्याला प्रत्येकाच्या पोराचं नाव ठाऊक, म्हशीचं ठाऊक. आणि संध्याकाळी डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले, "इस्माईल आल्यापासून रांग लवकर सरते." सात वर्षं रांग सरतच होती. ती आपोआप सरते असं त्यांना वाटत असावं.

माझ्या पोटात दुखायला लागलं. हे असं दुखणं होतं की त्यावर आमच्या फळीवर एकही बरणी नव्हती. निदान मला तरी तेव्हा तसं वाटत होतं.

पहिला घोट

त्या थंडीत मला खोकला झाला. खरा खोकला. मी खोकल्याच्या बरणीतून एक मात्रा घेतली. त्यात अफूचा अर्क असे, तो त्या काळी सगळीकडेच असे. अर्ध्या तासात खोकला बसला. शेजारी इस्माईल कुणाशी तरी हसत होता आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी स्वतःला चाचपून पाहिलं. खरंच काही वाटत नव्हतं. तो हसतोय, रांग त्याच्याकडे वाकलीय, आणि मी स्टुलावर बसून एखाद्या सावकाराच्या जावयासारखा शांत.

लोक मजेसाठी नशा करतात असं मी ऐकून होतो. मला मजा कधीच आली नाही. माझं जळणं तीन तास थांबायचं, बस. चौथ्या तासाला ते परत यायचं, आणि विश्रांती घेऊन आल्यासारखं ताजंतवानं असायचं.

आता पुढचा मूर्खपणा कंपाउंडरच करू शकतो. दारुड्यासारखं बाटलीला तोंड लावणं माझ्या शिस्तीत बसणारं नव्हतं. मी स्वतःसाठी एक स्वच्छ बाटली घेतली, औषध भरलं आणि तिच्यावर आठ खाचांची पट्टी चिकटवली. रोज संध्याकाळी एक मात्रा. महिन्याभराने एका मात्रेने भागेना. दोन घेतल्या असत्या तर ते व्यसन झालं असतं, आणि व्यसन म्हणजे काय हे मी जाणून होतो. म्हणून मी दोन घेतल्या नाहीत. मी पट्टी सहा खाचांची कापली. बाटली तेवढीच, मात्रा एकच, फक्त दोन खाचांमधलं अंतर वाढलं. पुढे पट्टी चार खाचांची झाली. मग सकाळीही एक मात्रा सुरू झाली, ती 'प्रकृतीसाठी'. शेवटी शेवटी माझ्या बाटलीला दोनच खाचा असत, आणि तरीही मी मनाशी म्हणायचो की गजाननाने आयुष्यात कधी एकावर दुसरी मात्रा घेतली नाही. मला माझ्या संयमाचा अभिमान वाटायचा. हे मी थट्टेने लिहीत नाही, खरोखर वाटायचा.

खोकल्याचं औषध कमी पडायला लागलं तसा मी हगवणीच्या मिश्रणाकडे वळलो. त्यात अर्क जास्त. बरणीत जेवढं कमी होई तेवढं पाणी, रंगाला जळकी साखर, दाटपणाला खडूची पूड. रंग मात्र मी अचूक जुळवायचो.

माझ्या अंगावरच्या खुणा

माझं नाक सारखं खाजायला लागलं. मला वाटलं, इस्माईलच्या अंगाला अत्तराचा वास येतो, त्याने होतं. पोट चार-चार दिवस साफ होईना. वाटलं, त्याच्यामुळे वेळेवर जेवायला मिळत नाही. दुपारी बोलता बोलता मान कलायची. वाटलं, चिंतेने झोप लागत नाही. गोड खायची ओढ इतकी की इंदूने पोळीला ठेवलेला गूळ मी डब्यातून चाटून खायचो. वजन उतरलं, सदरे ढगळ झाले. भर उन्हाळ्यात मी लांब बाह्या घालायला लागलो, कारण खाजवून खाजवून हात ओरखडलेले. इंदूशी मी दोन वाक्यांपलीकडे बोलत नसे, आणि त्यातलं एक वाक्य इस्माईलबद्दल असे.

आणि डोळे. ते मला स्वतःला कसे दिसणार? आमच्या आरशाचा पारा उडालेला होता.

एकदा इस्माईल हळूच म्हणाला, "गजाभाऊ, तब्येतीकडं बघा जरा. डाक्टरसायबास्नी दावा."

"का? माझी जागा मोकळी व्हायला हवी काय तुला?"

"मी कुटं तसं म्हनलो?"

"मग आपल्या पुड्या बांध."

त्याने पुड्या बांधल्या. सारख्या, चौकोनी, नेटक्या.

निदानाचा दिवस

औषधाला गुण नाही अशी कुरकुर खिडकीत यायला लागली. लोक कासारवाडीच्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागले. आणि या गोष्टीचासुद्धा मला हेवा वाटला, की तिकडचं औषध लागू पडतं. आमचं का पडत नव्हतं हे माहीत असणारा जगात मी एकटा होतो, आणि जळतही मीच होतो.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी डोकं खाजवत म्हणालो, "मला बोलायचं नव्हतं साहेब. पण इस्माईल आल्यापासूनच हे सुरू झालंय. त्याच्या बापाचं दुकान आहे. अर्क तिकडे जात असेल."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चार दिवसांनी रहाटणीच्या सोनाबाईला तिच्या मुलाने बैलगाडीत घालून आणलं. हगवणीने तिचे डोळे खोल गेले होते, कातडी ओढली तर तशीच उभी राहत होती. तीन दिवस ती आमचं औषध वेळेवर, खाचेप्रमाणे घेत होती. ते मी भरलेलं पाणी होतं. डॉक्टरांनी तिची बाटली उघडली, जिभेवर थेंब घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खडू आणि साखर." सोनाबाईला रस्त्यावरून जाणारा एक ट्रक थांबवून पुण्याला धाडलं.

मग त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "इस्माईल, तुझ्याबद्दल माझ्या कानावर आलंय. तुझा हिशोब आज संपवावा लागेल असं दिसतं."

मी जमिनीकडे बघत होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मला जांभई येत होती.

इस्माईल म्हणाला, "साहेब, मी जातो. पर त्याआदी खिडक्या लावा, पाच मिन्टं अंधारात आमाला बसवा, आन मग दोगांचे डोळे बघा."

डॉक्टरांनी खिडक्या लावून घेतल्या. आम्ही तिघं अंधारात बसलो. बाहेर रांगेत कुणाचं तरी मूल रडत होतं. मग डॉक्टरांनी एक मेणबत्ती लावून दूर धरली आणि आधी इस्माईलच्या डोळ्यांत पाहिलं. अंधारात कुणाच्याही होतात तशा त्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. मग माझ्या डोळ्यांत. तिथे ते बराच वेळ बघत राहिले.

"टाचणीचं टोक," ते म्हणाले. "अफूने बाहुल्या अंधारातही मोठ्या होत नाहीत. गजानन, किती दिवस?"

मी म्हणालो, "साहेब, फक्त एक मात्रा घेतो."

माझं निदान डॉक्टरांनी केलं असतं तर मी सोसलं असतं. ते केलं त्या अत्ताराने. त्या क्षणी माझी नोकरी जात होती, एक म्हातारी पुण्याच्या वाटेवर मरत होती, आणि मला प्रामुख्याने काय डाचत होतं, तर हे की त्याने मला आधीच ओळखलं होतं आणि मी रांगेतल्या सगळ्यांना ओळखून स्वतःला ओळखलं नव्हतं.

तंगडी

डॉक्टरांनीच ओळखीने मला पुण्याच्या दवाखान्यात दाखल केलं. सोनाबाई बायकांच्या वॉर्डात होती, शिरेतून पाणी चढवून वाचली. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्याआधीचे दोन दिवस मी कुणाची चौकशी करण्याच्या अवस्थेत नव्हतो.

नशा उतरते म्हणजे काय होतं ते घाबरवण्यासाठी नव्हे, पण ठाऊक असावं म्हणून सांगतो. आधी जांभया. जबडा दुखेपर्यंत. मग नाक आणि डोळे वाहायला लागतात. अंगावर काटा येतो तो जातच नाही, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी कातडी. पोटात पिळवटून चौदा महिन्यांची कसर एका दिवसात भरून निघते. पाय आपोआप लाथा झाडतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इतके दिवस झाकून ठेवलेलं सगळं जळणं एकदम परत येतं.

शेजारच्या खाटेवर आकुर्डीच्या बाजूला बांधकामावर परांचीवरून पडलेला एक मुकादम होता. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वर टांगून वजनं लावलेली. त्याला दुखायचं म्हणून सिस्टर दिवसातून दोनदा सुई द्यायची. त्या सुईत काय असतं ते मला माहीत होतं. सुई टोचली की त्याच्या कपाळावरच्या आठ्या कशा उतरतात ते मी उशीवरून डोळे न हलवता बघत राहायचो. मी आयुष्यात माणसांचा हेवा केला आहे, पण एका मोडक्या तंगडीचा हेवा करायची ती पहिलीच वेळ.

मी सिस्टरला म्हणालो, "माझाही पाय दुखतो."

"कुठे?"

मी जरा विचार केला आणि मांडी दाखवली. तीही नेमकी मुकादमाची मोडली होती त्याच बाजूची. ती निघून गेली.

मुकादम म्हणाला, "राव, अदलाबदल करायची का? ही तंगडी तू घे. मी तुझ्या जांभया घेतो."

"लगेच घेतो."

"तू खरंच घेशील," तो म्हणाला. त्याचं हसू तिथेच थांबलं. मग त्याने कूस बदलता येत नाही म्हणून नुसतं तोंड वळवलं.

डॉक्टरांची फेरी, थर्मामीटर, दुधाचा पेला, बेडपॅन, यातच दिवस. उपकार म्हणावेत अशा गोष्टी लहान होत्या. झाडूवाल्या मावशी न सांगता ओलं फडकं कपाळावर टाकून जायच्या. पाचव्या दिवशी मला शिंका आल्या, लागोपाठ नऊ. चौदा महिन्यांत एकही आली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. सातव्या दिवशी चहात पाव बुडवून खाल्ला आणि दुसरा मागितला. मुकादमाने त्याचा अर्धा दिला.

रविवार

इंदू दर रविवारी यायची, आणि तिच्याबरोबर इस्माईल. चिंचवडहून एवढ्या लांब तिने एकटीने कसं यायचं, म्हणून तो सोबत येई. वॉर्डाच्या दारापर्यंत यायचा, बाहेर बाकावर बसायचा. पहिल्या रविवारी त्याने ओव्याच्या पाण्याची बाटली पाठवली, पोटातल्या कळांसाठी. तिच्यावर पट्टी चिकटवलेली होती. मला धड बसता येत नव्हतं, तरी मी खाचा बघितल्या. सारख्याच होत्या.

"इस्माईलभाऊ म्हणाले, हे कोमट करून घ्या," इंदू म्हणाली.

"भाऊ कधीपासून?"

"तुम्ही बोलायचं बंद केलंत तेव्हापासून. कुणीतरी सांगायला नको, घरात काय चाललंय ते?"

"आणि काय काय सांगितलं त्याने?"

मग तिने सांगितलं. चाकणला त्याचा मामू अफू खायचा. दुकानाच्या पायरीवर बसून नाक चोळायचा, गूळ मागायचा, बसल्या बसल्या पेंगायचा. घरचे म्हणत, थकलाय बिचारा. एक दिवस तो पायरीवरच गेला. इस्माईल तेव्हा पुड्या बांधायला शिकत होता.

"त्यांना तुमच्याबद्दल तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं," इंदू म्हणाली. "तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही त्यांना काय म्हणालात ते त्यांनी मला सांगितलं नाही. काय म्हणालात?"

मी ओव्याचं पाणी प्यायलो.

खिडकीतून बाहेरचा बाक दिसायचा. इंदू जाताना त्याच्याशी दोन मिनिटं बोलायची, डोळे पुसायची. माझ्यासमोर तिने एकदाही डोळे पुसले नाहीत. त्या बाकाचा मला काय हेवा वाटला म्हणून सांगू.

घरी

घरी आल्यावर नवीन वहिवाट सुरू झाली. रोज दुपारी जेवण झालं की इंदू मला जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत उभं करायची, थोडा वेळ थांबायची, मग मेणबत्ती लांब धरून माझ्या डोळ्यांत बघायची. इस्माईलने तिला शिकवलं होतं: बोलणं ऐकू नका, डोळे बघा. आन दिसलं काही, तर वरडू नका, डाक्टरकडं चला. मला वाटतं, कुणाच्या घरी असा माणूस असेल तर याहून उपयोगाचं मी काही सांगू शकणार नाही. आम्ही फार चांगलं खोटं बोलतो. डोळ्यांना ते जमत नाही.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इंदू इतका वेळ माझ्या डोळ्यांत पहिल्यांदाच बघत होती, आणि तेही त्याच्या सांगण्यावरून.

दुसऱ्या महिन्यात मी घसरायला निघालो. तेही सांगितलं पाहिजे. भाजी आणतो म्हणून कासारवाडीच्या त्या दवाखान्यात गेलो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. सात वर्षं खोकणारी माणसं जवळून पाहिलेली, त्यामुळे खोकण्यात मी तरबेज होतो. बाकावर बसून असा काही खोकलो की शेजारचा माणूस उठून उभा राहिला. तिथल्या डॉक्टरांनी सदरा काढायला लावला, बरगड्या मोजल्या, वजन बघून चुकचुकले आणि क्षयाचा संशय येतो म्हणाले. मी घाबरून खोकला आवरता घेतला, पण उशीर झाला होता. मोठ्या आशेने खिडकीत बाटली पुढे केली. ती भरून मिळाली माशाच्या तेलाने. अंगात मांस भरायला.

घरी इंदूने दारातच नाक मुरडलं. "हा वास कसला?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोलायला अंगात त्राण नव्हतं आणि वास होताच. ती हसेल असं वाटलं होतं. ती खाली बसली. मग उठून चमचा आणला.

"संपेपर्यंत रोज घ्यायचं," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

ती बाटली महिनाभर पुरली. त्यानंतर मी कुठल्याही दवाखान्यात खोकलो नाही.

परत खिडकीत

सहा महिन्यांनी मी डॉक्टरांकडे गेलो आणि जागा मागितली. दुसरं मला काही येत नव्हतं. कारखान्याच्या गेटवर दोनदा उभा राहून आलो होतो, तिथे धडधाकट माणसं हवी होती. इंदू लोकांची शिवणं शिवून घर चालवत होती.

डॉक्टर म्हणाले, "मी तुला घेईन. पण इस्माईल हो म्हणाला तर. आळ त्याच्यावर घेतला होतास. त्यालाच विचार."

दुपारी दवाखाना बंद असताना मी खिडकीशी गेलो. खिडकीच्या बाहेरच्या बाजूने. इस्माईल आत संध्याकाळसाठी पुड्या बांधत होता. मी वाटेत पाठ केलेली वाक्यं होती, ती विसरलो.

"मी तुझं नाव घेतलं होतं," मी म्हणालो.

"ठाव हाय."

"तुझी नोकरी गेली असती."

"नोकरी नंतर, गजाभाऊ. चाकणला आमचं दुकान बसलं असतं. अत्ताराचा पोरगा चोर निघाला म्हनल्यावर बापाकडनं हळद तरी कोन घेनार?"

हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्याच्या खाचा मोजत बसलो होतो.

"चुकलो," मी म्हणालो.

त्याने पुडी बांधून बाजूला ठेवली. "रहाटणीला जाऊन आला?"

"नाही."

"मग आदी तिकडं जा. माझं मागनं बघू."

मी चालत रहाटणीला गेलो. सोनाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी कोण, काय केलं, सगळं उभ्यानेच सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

"म्हंजी त्यात औशीद नव्हतंच?"

"नव्हतं."

"आन मी म्हनायची, माझंच प्वाट वंगाळ," ती म्हणाली. "ल्योक म्हनायचा, तू पथ्य पाळत न्हाईस. तीन दीस भांडलो आमी दोगं."

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. शिव्या मी झेलल्या असत्या. तिने मुलाला शेतातून हाक मारून बोलावलं आणि मला सगळं तसंच परत सांगायला लावलं. त्याच्यासमोर सांगणं जास्त जड गेलं. तो ऐकून आत निघून गेला. पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दुपारी मी परत खिडकीशी आलो. इस्माईलला बहुधा बातमी आधीच कळली होती. म्हणाला, "सोमवारपासनं या. नावं पुकारायची, बाटल्या धुवायच्या. बरण्यांला हात लावायचा न्हाई. कपाट माझ्याकडं ऱ्हाईल. वरीसभर तरी."

"चालेल."

"आन रोज सकाळी डाक्टरसायबांसमोर डोळे दावायचे."

"इंदू दुपारी बघतेच."

"मग दोनदा."

मी हो म्हणालो. इतकं हलकं मला त्या बाटलीनेही कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणात माझी जीभ सुटली. इतक्या दिवसांचं मनातलं विचारावंसं वाटलं. माझी सात वर्षं, 'छोटे डॉक्टर' हे नाव, डॉक्टरांचा माझ्यावरचा जुना विश्वास, इंदू. या सगळ्यातल्या कशाने तरी त्यालाही एखाद्या दुपारी टोचलं असेल, तर निदान हिशेब थोडा सारखा झाला असता.

"इस्माईल, खरं सांग," मी म्हणालो. "तुला कधी माझा हेवा वाटला?"

त्याने कात्री खाली ठेवली आणि अगदी मनापासून विचार केला. प्रामाणिक माणूस, त्याला वेळ लागला.

"न्हाई," तो म्हणाला. "पर तुमच्यात हेवा करन्याजोगं काय असंल तर सांगा, आजपासनं करतो."